बटाट्यांचा काटा

लिनारेसच्या बाजारात माझा काटा खरा मानतात.
पन्नास किलो म्हणजे पन्नास, गोणीचं वजन वेगळं वजा.
समोरची एर्मेलिंदा पारड्यावर अंगठा ठेवते,
तिचं तिला लखलाभ.

बाउदिलियो एकशे चार भरायचा.
म्हणजे दोन गोणी, वर चार किलो हसू.
शनिवारी माल उतरवून झाला की स्वतःच चढायचा काट्यावर
आणि ओरडायचा, "काय भाव लावतेस, सुनिल्दा?"
मी म्हणायची, "कोंब फुटलेला माल, कोण घेणार?"

दवाखान्यातली तरणी डॉक्टरीण दर वर्षी तेच सांगायची:
वजन उतरवा. पोटाचा भार आत दाबतो,
आम्ल वर चढतं,
अन्ननलिका जठराला मिळते तिथे रोज थोडं थोडं भाजतं.
तो मान डोलवायचा,
घरी येऊन पाण्यात चिमूटभर सोडा टाकून प्यायचा,
ढेकर द्यायचा, शेजारचा कुत्रा भुंकेल असा.
मग लोंगानिसा, मग भोपळा घालून तळलेल्या सोपाइपिया,
मग माझ्याकडे बघणं, अजून आहे का?
असायचं. माझ्याकडे नेहमी असायचं.

मग एका हिवाळ्यात त्याने ऐकलं तिचं.
निदान आम्हाला तसं वाटलं.
जूनमध्ये मी खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडलं.
जुलैत दुसरं.
लोक म्हणाले, दहा वर्षांनी लहान दिसतोस.
चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबाने पाठ थोपटली.
त्याची बहीण रोमिलिया विचारू लागली, काय खातोस, मलाही सांग.
काही खात नव्हता.
चार घास, की हात छातीखाली ठेवून गप्प,
दाराशी कुणी उभं आहे आणि उघडायचं नाही, असा.

मी खूश होते. हे सांगून टाकते,
कारण कुणी विचारणार नाही.
तिसरं भोक पाडताना मी गुणगुणत होते.

ताल्काच्या इस्पितळात नळी घातली, पडद्यावर दाखवलं:
जठराच्या अगदी तोंडाशी, खडबडीत, ओलं,
जमिनीत राहून गेलेल्या बटाट्यासारखं.
मी विचारलं, वजनाने झालं का? माझ्या तळणाने?
डॉक्टर म्हणाला, जाड माणसांत या जागी जास्त आढळतो, खरं आहे.
पण सडपातळांनाही होतो.
एका माणसाचा हिशेब असा मांडता येत नाही, बाई.

तीस वर्षं हिशेबच मांडत आले मी.

"आणि हे उतरलेलं वजन?"
"ते यांनी नाही उतरवलं," तो म्हणाला,
आणि पेनाने पडद्यावर टकटक केली.

जठर काढलं. सगळं.
अन्ननलिका थेट आतड्याला शिवली.
आता दिवसातून आठदा बशीभर,
पूर्वी डुकरांपुढे टाकायची तेवढा एक बटाटा, कुस्करून.
अंगाला काही लागत नाही.

शनिवारी चढतो काट्यावर. भाव विचारत नाही.
एकसष्ट. साठ. साठच.
एक गोणी, वर दहा किलो, त्यात बूट आणि लोकरीचा कोट.
गोणीचं वजा करते, कोटाचं करत नाही.

गेल्या शनिवारी आकडा एकोणसाठवर थरथरत राहिला.
तो चष्मा पुसत होता.
मी जरा सरकले,
बुटाचं टोक फळीच्या कडेवर टेकवलं. हलकेच.
"साडेएकसष्ट!" म्हणाले, गिऱ्हाइकाला सांगावं तशी.
एर्मेलिंदाने पाहिलं,
आणि पाठ वळवून टोमॅटो रचू लागली.

त्याने चष्मा चढवला. खाली पाहिलं,
आकड्याकडे नाही, माझ्या बुटाकडे.
बराच वेळ.
मग उतरला, कोट झटकला,
"भाव चढतोय," म्हणाला.

पोट नसलेल्या माणसाने
तेवढं पोटात ठेवलं.